चौतीस झेंड्या

फुलं तुम्ही मारलीत. फवारणीवाल्यांनी नाही, त्यांच्या पाठीवरच्या पिवळ्या टाक्यांनीही नाही, आणि तुमचा कारकून दात कोरत म्हणाला तसं निसर्गक्रमानं तर मुळीच नाही. तुम्ही मारलीत. वर, ती तिथे नव्हतीच असं लेखी कळवलंत. तुमच्या दारावर नाव नाही, नुसता हुद्दा आहे, म्हणून इथेही नाव लिहीत नाही. पण दुसऱ्या मजल्यावर, हिरवं कापड अंथरलेल्या टेबलामागे कोण बसतं ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा इकडेतिकडे बघू नका. एका बाईची गोष्ट आहे. एकोणीस वर्षं ती तुमच्या हजेरीपटावर आहे आणि तुम्ही तिचं तोंडही पाहिलेलं नाही.

तिला खात्याच्या यार्डात, म्हणजे यंत्रं उभी असतात त्या आवारात, सगळे झेंडीबाई म्हणत. गवत कापायचं मोठं यंत्र रस्त्याच्या कडेनं निघालं की त्याच्यापुढे शंभर पावलं चालायचं, हे तिचं काम. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत तारेच्या दांडीवर लावलेल्या तळहाताएवढ्या लाल झेंड्या. गवतात लपलेलं नळाचं झाकण, मोडक्या खांबाचा खुंट, विटांचा ढिगारा, पक्ष्याची अंडी, जे जे पात्याखाली यायला नको ते हुडकायचं आणि शेजारी झेंडी खोचायची. मागून यंत्रावर बसलेला ड्रायव्हर झेंडी दिसली की वळसा घालून पुढे जायचा. झेंडी म्हणजे सोड. एवढंच शास्त्र. एकोणीस वर्षांत ना पातं मोडलं, ना अंडं.

"मावशी, एक झेंडी मुकादमाच्या टोपीत खोच," ड्रायव्हर म्हणायचा. "परवा गवतात झोपला होता. माझ्या हातून खून झाला असता."

"त्याला झेंडी कशाला? त्याचं घोरणं ऐकू येत नाही का तुला?"

"यंत्राच्या आवाजात?"

"यंत्राच्या वर."

घरी दोन खोल्या आणि दादा. दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. तोही तुमच्याच खात्यात, तुमच्याच मजल्यावर, जिन्याजवळच्या खोलीत एकतीस वर्षं नकाशे काढत बसला. लोक त्याला नकाशेमास्तर म्हणत. त्याचं लग्न राहून गेलं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही. ही विधवा होऊन एक ट्रंक घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा त्यानं ट्रंक आत ओढली आणि म्हणाला, "छोटे, खिडकी तुझी." पन्नाशी उलटून गेली तरी तो तिला छोटेच म्हणायचा. बाकी सगळ्या जगासाठी ती झेंडीबाई, मावशी, अमक्याची बायको, तमक्याची सून होऊन गेलेली. छोटी ती एकट्या दादाची.

दादाला रानफुलांचा नाद. बागेतल्या फुलांचं त्याला काही कौतुक नव्हतं. गुलाबाला तो पगारी फूल म्हणायचा. पाणी मिळालं की हजर, नाही मिळालं की आजारी. त्याचा जीव बिनपगारी फुलांवर. यार्डाच्या मागे रस्त्याकडून भिंतीकडे चढत गेलेला एक उतार आहे. वरून पाणीखात्याचा पाइप गेलेला. तो किती वर्षं गळतो आहे हे पाणीखात्यालाही सांगता येणार नाही. त्या गळक्या पाण्यावर तिथे बारा महिने काही ना काही फुललेलं असायचं. निळा केना, सकाळी उघडणारा आणि दुपारच्या आत मिटून जाणारा. पिवळी आंबोशी. लांब देठावर एकटीच डोलणारी एकदांडी. लाजाळूचे गुलाबी गोंडे, टाकळा, कुर्डूचे तुरे, माक्याची शर्टाच्या बटणाहून लहान पांढरी फुलं, पायात रुतणारा गोखरू, आणि भिंतीला टेकून वाढलेली घाणेरी. सुट्टीच्या सकाळी दोघं भाऊबहीण जाऊन तिथे बसायची. करायचं काही नाही. दादा गुडघ्यावर वाकून एकेका फुलाशी नाक न्यायचा, आंबोशीची पानं तोंडात टाकायचा, त्या आंबट चवीनं एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्यानं हसायचा. तेवढ्यानं त्याचा आठवडा भरून जायचा.

"खात्याच्या नकाशात या उताराला काय म्हणतात, सांग," त्यानं एकदा विचारलं होतं.

"उतार."

"मोकळी जागा. मीच लिहिलंय. आमच्या खुणांच्या यादीत झाडाला खूण आहे, खांबाला आहे, गटाराच्या झाकणालासुद्धा आहे. फुलाला नाही. कमरेखालचं आम्हाला काही दिसतच नाही, छोटे." आणि तो चष्मा खाली पडेपर्यंत हसला होता.

हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मागच्या वर्षी दादाला झटका आला. त्याच जिन्याजवळच्या खोलीत, हातात पेन असताना. कागदावरची रस्त्याची रेघ कागद ओलांडून टेबलावर गेली आणि तिथून तो खाली. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. डोळ्यांत पाणी यायचं, हसू यायचं, रागही यायचा, पण तोंडातून शब्द म्हणून काही निघत नव्हतं. हॉस्पिटलात बोलणं शिकवणारी एक बाई होती. ती रोज चमचा दाखवायची, कंगवा दाखवायची, पेन दाखवायची. पेन दाखवलं की दादा मान फिरवायचा. चार महिने गेले. मग त्या बाईनंच एक दिवस चमचा पिशवीत टाकला.

"यांना आवडतं काय?"

"रानफुलं," झेंडीबाई म्हणाली आणि तिचं तिलाच हसू आलं.

"मग चमचे कसले दाखवत बसलोय आपण? फुलं आणा. हातात द्या, नाकाशी न्या, चव चालत असेल तर चव द्या. जे सुखाचं आहे त्याच्या मागे शब्द सापडतो कधी कधी. आधी फुलं येतील, मग वस्तू येतील. माणसं सगळ्यात शेवटी. घाई करू नका."

घर यार्डापासून दहा मिनिटांवर. सकाळी आठला चहाची अर्धा तास सुट्टी व्हायची. त्या दिवसापासून झेंडीबाईनं चहा सोडला. शिट्टी झाली की ती उतारावर चढायची, एक फूल देठासकट खुडायची, ओल्या रुमालात गुंडाळून डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेवायची आणि घराकडे सुटायची. पहिला होता केना. दादा खिडकीशी खुर्चीत बसलेला. तिनं त्याच्या डाव्या तळहातावर फूल ठेवलं. त्यानं ते डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "केना."

अडखळत नाही, चाचरत नाही. घंटेवर टोला पडावा तसा. ती खाली बसली. धावत परत जायचंय हे ती विसरली, आणि त्या दिवशी तिच्या हजेरीवर मुकादमानं लाल रेघ मारली. मारू दे.

मग महिन्याला एक, कधी दीड, असे शब्द येत गेले. आंबोशी आली तेव्हा त्यानं पान तोंडात टाकून एक डोळा मिटला. लाजाळू आली. पानं मिटताना बघून तो खूण करायचा, आणखी एकदा, आणखी एकदा. फूल हातात असलं की नाव यायचं, हातातून गेलं की नाव जायचं. तरी त्याचा चेहरा बदलला. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तो डावा हात पुढे करून, तळवा वर करून बसलेला असायचा. जगातलं सगळं सुख त्या तळव्यावर उतरणार आहे अशा खात्रीनं.

शेजारच्या काकू दुपारी त्याला बघायला यायच्या आणि तासभर त्याच्याच आजाराविषयी त्याच्यासमोर बोलायच्या. एकदा त्या उठून गेल्या, दार लागलं, आणि दादा रिकाम्या हातानं म्हणाला, "गोखरू."

झेंडीबाई हसून हसून भिंतीला टेकली. दादाही हसला, अर्ध्या तोंडानं. मग तिच्या लक्षात आलं की त्याच्या हातात काहीच नव्हतं. फूल नसताना आलेला तो पहिला शब्द. बोलणं शिकवणाऱ्या बाईला सांगितलं तेव्हा तीही हसली आणि म्हणाली, "आता वेग धरतील. हे फार चांगलं आहे. फक्त रोजचं चुकवू नका. तुटलं की ही वाट पुन्हा बुजते. मी बुजलेल्या पुष्कळ पाहिल्यात."

नऊ शब्द झाले. आणि एका सकाळी केना हातात घेऊन त्यानं फुलाकडे न बघता तिच्याकडे पाहिलं. कपाळावर आठ्या आल्या. ओठ पुढे आले. "छ," तो म्हणाला. "छ." पुढचं काही आलं नाही. पण ती त्या एका अक्षरावर दिवसभर तरंगत होती. ड्रायव्हरनं विचारलंसुद्धा, "मावशी, लॉटरी लागली का?"

"लागतीये," ती म्हणाली.

आता तुमच्याकडे येते गोष्ट.

फवारणीचा कागद निघाला तो तुमच्या टेबलावरून. मुकादमानं तो यार्डात वाचून दाखवला. रस्त्याकडेचे तण समूळ नष्ट करणेबाबत. पुढच्या पंधरवड्यात फवारणी पथक येणार. झेंडीबाई पुढे झाली.

"मुकादम, उतार धरलाय का यात?"

"कागदात 'रस्त्याकडेचे' म्हटलंय."

"उतार रस्त्याकडेला आहे की भिंतीकडेला?"

"ते मला काय माहीत? मी काय कागद लिहिला?"

"मग विचारा ना वर."

मुकादम वाईट माणूस नाही. त्यानं खरंच विचारलं. रजिस्टरात ओळ लिहिली, यार्डामागील उतारावर फवारणी आहे किंवा कसे, आणि रजिस्टर वर पाठवलं. तुमच्या टेबलावर ते अकरा दिवस होतं. परत आलं तेव्हा त्या ओळीसमोर 'पाहिले' एवढाच शेरा होता. काय पाहिलंत तुम्ही? हो लिहायला एक अक्षर लागतं. नाही लिहायला दोन. तुम्ही तीन अक्षरं लिहिलीत आणि काहीच सांगितलं नाहीत.

तिनं अकरा दिवस वाट पाहिली, पण हातावर हात धरून बसणारी ती नव्हती. आयुष्यात तिला एकच विद्या येत होती. जे मोडायला नको त्याच्याशेजारी झेंडी खोचायची. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी ती सकाळीच उतारावर गेली. पिशवीत चौतीस झेंड्या होत्या, तेवढ्या सगळ्या वापरल्या. केन्याच्या प्रत्येक गादीला एक, आंबोशीला दोन, लाजाळूला चार कोपऱ्यांना चार. घाणेरीला वरच्या अंगाला, लांबून दिसेल अशी. एकटी एकदांडीसुद्धा तिनं सोडली नाही. दांडी मुळाला लागू नये म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी बोटानं माती चाचपली. दोन तास वाकून पाठीचा काटा ढिला झाला. उठून मागे पाहिलं तर सगळा उतार लाल टिकल्यांनी भरलेला. आता आंधळासुद्धा पाय टाकणार नाही, ती मनाशी म्हणाली. घरी जाऊन दादाला सांगितलं, "तुझं सगळं झेंडीत घालून आले." त्याला समजलं. त्यानं मान हलवली.

चौथ्या दिवशी सकाळी ती यार्डाच्या फाटकाशी आली आणि लांबून उताराकडे पाहिलं. उतार निळा झालेला होता.

ती जागच्या जागी थांबली. एवढा केना तिनं जन्मात पाहिला नव्हता. भिंतीपासून रस्त्यापर्यंत निळाच निळा. तिला वाटलं, आज ओंजळभर नेऊ. आज त्याच्या मांडीवर ओतू सगळा. आज तो छ च्या पुढे जाईल. आठची शिट्टी व्हायची वाट न बघता ती पिशवी सावरत चढायला लागली. दहा पावलांवर गेल्यावर वास आला. रॉकेलसारखा, पण गोडसर. मग दिसलं की निळं आहे ते फुलांवर नाही, पानांवर आहे. आंबोशीची पानं निळी. लाजाळूचे गोंडे निळे. दगड निळे. तिच्या झेंड्यांच्या दांड्या निळ्या.

फवारणीवाले खाली टाक्या धूत होते. त्यांच्यातला एक, तोंडावरचा मुखवटा गळ्यात लोंबत असलेला वयस्क माणूस, तिला बघून म्हणाला, "मावशी, तिकडे नका जाऊ. ओलं आहे अजून. हाताला लागलं तर धुवून टाका, नि तोंडाला हात लावू नका."

"निळं कशानं झालं?"

"औषधात रंग घालतात. कुठे मारलं, कुठे राहिलं ते कळावं म्हणून. आठवडाभरात जातो रंग. मग पिवळं पडतं आणि बसतं."

"उतारावर का मारलंत?"

"आम्हाला खरं तर रस्त्याच्या कडेची हातभर पट्टी सांगितली होती," तो म्हणाला. "वर चढायचं नव्हतंच. पण झेंड्या दिसल्या."

"झेंडी म्हणजे सोडायचं."

"तुमच्यात असेल. आमच्यात झेंडी म्हणजे मारायचं. पाहणीवाला पुढे जातो, तण दिसलं की झेंडी खोचतो, मागून आम्ही." तो टाकीचं झाकण फिरवत होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. "ज्यानं कुणी लावल्या त्यानं फार मन लावून लावल्या होत्या, मावशी. एक रोप सुटलं नाही. असा पाहणीवाला आम्हाला कायमचा मिळाला तर बरं होईल."

ऐकलंत का? एकच खातं. एकच गोदाम. गोदामात एकच खोकं, त्यात एकाच मापाच्या लाल झेंड्या. एका तुकडीला त्यांचा अर्थ जगव आणि दुसऱ्या तुकडीला मार. दोन्ही तुकड्यांच्या कामावर सही एकाच माणसाची. तिनं काहीच केलं नसतं, घरी पाय पसरून झोपली असती, तर उतार आज जिवंत असता. मोकळ्या जागेतली आंबोशी तिच्या स्वतःच्या हातानं मेली. आणि हे जिला कळलं तिला तुमच्या कारकुनानं विचारलं, "बाई, एवढं काय झालंय? गवत परत येतं."

ते नंतर. आधी आठ वाजून दहा मिनिटांचं सांगतो.

दादा हात पुढे करून बसलेला होता. तिनं वाटेत फुलवाल्याकडून गुलाब घेतला होता, दुसरं काय करणार. तळहातावर ठेवला. त्यानं तो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि फूल खिडकीच्या कठड्यावर ठेवून हात पुन्हा पुढे केला. दुसऱ्या दिवशी तिनं स्टेशनापर्यंत चालत जाऊन कुठेतरी एक एकदांडी मिळवली. ती धुळीनं माखलेली, कोमेजलेली. शब्द आला, पण अर्धा आला. तिसऱ्या दिवशी काही मिळालं नाही. तुमचं पथक सगळ्या रस्त्यांवरून जाऊन आलं होतं. हात मात्र रोज पुढे यायचा.

आठव्या दिवशी पहाटे पाऊस पडून उतारावरचा रंग धुतला गेला होता. तिला भिंतीच्या बुडाशी आंबोशीचं एक रोप हिरवं दिसलं. दोन पानं, एक कळी. हिरवं म्हणजे सुटलेलं असं तिला वाटलं. तिनं ते रुमालात नेलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. त्याचा चेहरा उजळला. आठ दिवसांनी उजळला. त्यानं नाव घेतलं नाही, त्याला तेवढा धीरच नव्हता. पान सरळ तोंडाकडे नेलं.

आणि तेव्हा तिला देठाच्या बेचक्यात निळा ठिपका दिसला.

तिनं त्याच्या हातावर फटका मारला. मारला म्हणजे मारलाच, सगळ्या ताकदीनं. पान जमिनीवर पडलं. त्याच्या ओठांत बोटं घालून तिनं तोंड पुसलं, पाण्यानं खंगाळलं, जीभ बाहेर काढायला लावली, पुन्हा पुसली. त्याच्या पोटात काही गेलं नाही. डॉक्टरही तेच म्हणाले. शरीराला काही झालं नाही.

पण लहानपणापासून तिनं दादावर कधी आवाज चढवला नव्हता, हात तर लांबच. त्यानं डावा हात हळूच मागे घेतला, मांडीवरच्या पांघरुणात घातला आणि वरून पांघरूण नीट केलं. चोरी पकडल्यासारखा. तिनं समजावलं. पायाशी बसून, हात जोडून, रडून समजावलं. विष होतं रे दादा, तुझ्यासाठी मारलं. त्यानं ऐकून घेतलं. मान हलवली. त्या दिवसापासून तो हात पांघरुणाच्या बाहेर आला नाही.

महिन्याभरानं तिनं दूरवरून, बस बदलून, ताजा केना आणला. पाण्याच्या ग्लासात घालून आणला, एक पाकळी मिटू दिली नाही. पांघरुणातला हात स्वतः काढून त्याच्यावर ठेवला. त्यानं बोटं मिटली नाहीत. केना तळव्यावरून घरंगळला. नाव आलं नाही. बोलणं शिकवणारी बाई आली, तासभर बसली, आणि जाताना दारात म्हणाली, "वाट बुजली." खोटं बोलली नाही, एवढे उपकार.

मधल्या काळात झेंडीबाईनं अर्ज केला होता. तुमच्या छापील अर्जात एक रकाना आहे, नुकसान झालेल्या वस्तूचे नाव. त्यात तिनं नऊ नावं लिहिली. मग 'नुकसान कोणामुळे झाले' हा रकाना. त्यात तिनं लिहिलं, झेंड्या मी लावल्या. मी एकोणीस वर्षं जो अर्थ शिकले त्या अर्थानं लावल्या. दुसरा अर्थ मला कुणी सांगितला नाही. उतारावर फवारणी आहे का असं आधी लेखी विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही.

कारकुनानं अर्ज उलटापालटा केला. "केना? आंबोशी? हे काय आहे, बाई?"

"फुलं."

"तुमच्या मालकीची?"

"नाही."

"मग खात्याच्या मालकीची?"

"नाही बहुतेक."

"मग बिनमालकीच्या गोष्टीचं नुकसान कुणाचं झालं?" तो हसला. त्याला वाटलं, फार हुशारीचं बोललो. "बरं, राहू द्या. शिक्का मारतो. उत्तर येईल."

आलं. सात आठवड्यांनी आलं, आणि एकोणीस वर्षांत तुम्ही तिला पाठवलेलं ते पहिलं पत्र. संदर्भीय जागा मंजूर नकाशानुसार 'मोकळी जागा' असून तेथे कोणत्याही वनस्पतीची नोंद नाही. सबब नुकसान झाल्याचे आढळून येत नाही. अर्ज निकाली. सोबत नकाशाची प्रत जोडलेली, म्हणजे अडाण्यालाही पटावं. आणि त्या प्रतीच्या उजव्या कोपऱ्यात, नकाशा काढणाऱ्याच्या जागी, बारीक तिरकी सही. दादाची.

तिनं ते पत्र त्याला दाखवायला नको होतं. पण घरात दुसरं होतं कोण. तिनं नकाशा त्याच्या मांडीवर पसरला. तो पुष्कळ वेळ बघत राहिला. रस्ता ओळखला, यार्ड ओळखलं, भिंत ओळखली. मग पांघरूण हललं आणि डावा हात बाहेर आला. त्यानं एक बोट जिभेवर ओलं केलं आणि 'मोकळी जागा' या शब्दांवर ठेवून घासायला लागला. पूर्वी पेन्सिलीची चूक पुसायचा तसा, हलक्या हातानं, कागद फाटू न देता. शाई छापील होती. पुसली जाईना. तो घासत राहिला. अक्षरांवरचा कागद मऊ झाला, त्याचे दोरे निघाले, तरी अक्षरं तशीच. मग तो थांबला, बोट पाहिलं, आणि हात पुन्हा आत घेतला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बिनअर्जाची रजा. चौतीस झेंड्या उतारावरून उपटून, पुसून, पिशवीत घालून ती दुसऱ्या मजल्यावर आली. तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसली. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. ती म्हणाली, असू देत. दुपारी शिपाई म्हणाला, साहेब मागच्या जिन्यानं गेले. ती म्हणाली, उद्या येतील. ती रोज येते आहे. झेंड्या तिनं बाकाशेजारच्या कुंड्यांमध्ये खोचल्यात, चौतीसच्या चौतीस. शिपाई विचारतो, मावशी, आता यांचा अर्थ काय घ्यायचा? ती म्हणते, ते मला आतल्यांनी लिहून द्यायचंय.

तुमच्या पत्राच्या पाठीमागे तिनं स्वतःच्या अक्षरात मजकूर लिहून आवकजावकेत दिला आहे. त्यावर शिक्का आहे, तारीख आहे. अजून पाहिला नसेल तर इथे पाहा, पण 'पाहिले' असा शेरा मारू नका. तिनं लिहिलंय:

तुमच्या नकाशात फुलं नव्हती. मग माझ्या भावाच्या तोंडात ती नऊ नावं कुठून आली होती? आणि माझं नाव त्याच्या ओठांवर पहिल्या अक्षरापर्यंत आलं होतं, ते आता मी कुणाकडे मागू? तुमच्या सहीनं उत्तर द्या.